हात धरील तो राजा

फार फार वर्षांमागची गोष्ट. आपल्या मुलखातली नाही, लांबच्या थंड मुलखातली. तिथे अर्धं वर्ष बर्फ पडतो आणि उरलेलं अर्धं वर्ष लोक पुढच्या बर्फाची तयारी करतात. पोरांनो, पुढे सरका. आणि मोठ्यांनो, 'ही पोराटोरांची गोष्ट' म्हणून मागे सरकू नका. ही तुमचीच आहे. पोरं अजून चुकायची आहेत.

त्या मुलखात तेव्हा राज्यं अगदी एवढीएवढीशी होती. या डोंगरावर एक राजा, समोरच्या डोंगरावर दुसरा. एका राजाचा कोंबडा आरवला की दुसऱ्या राजाची झोप मोडायची.

अशाच एका राज्यात एक नदी होती, नदीवर एक दगडी पूल होता, दोन्ही काठांना थोडी गावं होती आणि उंचावर एक गढी होती. माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. पण राजा म्हटला की मुकुट आला, गादी आली. आणि गादी आली की तिच्यामागे भांडण आलंच.

भांडण होऊ नये म्हणून त्या लोकांनी एक रीत पाळली होती. हात धरील तो राजा! म्हणजे काय, तर राजा शेवटचा श्वास सोडील तेव्हा त्याचा हात ज्याच्या हातात असेल, तो पुढचा राजा. थोरला असो, धाकटा असो, पुतण्या असो. रक्ताचा असला म्हणजे झालं.

आता ही रीत पडली कशी तेही ऐका. त्यांचा अगदी पहिला राजा लढाईत घायाळ होऊन बर्फात पडला. सगळे पळाले. त्याचा एक मुलगा तेवढा पळाला नाही. तो काही थोरला नव्हता, फार शूरही नव्हता. पण बाण येत होते तरी तो बापाचा हात धरून बसून राहिला. लोक म्हणाले, ज्याने बापाला सोडलं नाही तो आपल्याला कसा सोडील? आणि त्यांनी त्याला राजा केलं.

चांगलं केलं. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण चांगल्या गोष्टीची रीत झाली की गोष्ट लोक विसरतात आणि रीत तेवढी मुठीत आवळून धरतात. त्या पोराने हात धरला होता तो बापासाठी. पुढच्यांनी धरला तो गादीसाठी. दिसायला दोन्ही सारखंच. असायला नाही.

मग काय काय व्हायला लागलं ते विचारूच नका. राजे भर उन्हाळ्यात हातमोजे घालून बसायला लागले. राजा घोड्यावरून पडला तर त्याला हात देऊन कुणी उठवायचं नाही. पट्ट्याला धरून पोत्यासारखा उचलायचे. राजघराण्यातला वैद्य असेल तर तोसुद्धा राजाची नाडी पायाच्या घोट्याला बघायचा. आणि राजवाड्यातल्या आया लहान पोरांना काय शिकवायच्या, तर काकाच्या हातात हात द्यायचा नाही हं. एवढंसं पोर, त्याला अजून नीट पळता येत नाही, आणि त्याला हे शिकवायचं!

तर या राज्यात एक राजा होता. माणूस वाईट नव्हता. लोकांना मारत नव्हता, लुबाडत नव्हता, दुष्काळात गढीवरचे जव वाटायचा. पण त्याची गादी सरळ मार्गाने आलेली नव्हती. त्याचा बाप आजारी पडला तेव्हा त्याने थोरल्या भावाला सांगितलं, "बाबांना आता बरं आहे, तू खुशाल शिकारीला जा." भाऊ गेला. हा हात धरून बसला. भाऊ परत आला तेव्हा हा मुकुट घालून दारात उभा होता.  भाऊ घोड्यावरून उतरलासुद्धा नाही. तसाच वळला आणि डोंगरातल्या मठात निघून गेला. त्या दिवसापासून राजाला पोटभर जेवण असं कधी गेलं नाही.

राजाचं लग्न झालं ते खिंडीपलीकडच्या राजाच्या बहिणीशी. तिच्या माहेरी ही असली रीत नव्हती. लग्नात नवऱ्याने बायकोच्या हातात हात द्यायची वेळ आली तेव्हा राजाने हातमोजा घातलेला हात पुढे केला. नवरीने तो बघितला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "लग्न तुमच्याशी लावायचंय की बकऱ्याच्या कातड्याशी?"

सगळ्यांनी राजाकडे बघितलं. मग राजा हसला. कित्येक वर्षांनी हसला. आणि त्याने मोजा काढला. तेवढ्यापुरता.

राणीला दोन मुलगे झाले. थोरला आणि धाकटा, दोघांत फार अंतर नव्हतं. राणीने त्यांना आपल्या माहेरच्यासारखं वाढवलं. हिवाळ्यात नदी गोठायची तेव्हा दोघं हातात हात घालून बर्फावरून घसरत जायचे. एक पडला की दुसरा पडायचा आणि दोघं मिळून ओरडायचे, "आई, यानेच पाडलं!"

एकदा प्रधानाने ते बघितलं.  तो धावत राणीकडे आला.

"राणीसाहेब, राजपुत्रांनी एकमेकांचे हात धरलेत!"

"मग काय पाय धरायचे?"

"तसं नव्हे. उद्या गादीचा प्रश्न येईल. आत्तापासून अंतर ठेवायची सवय हवी."

"प्रधानजी," राणी म्हणाली, "तुमच्या या गढीत भिंती काय कमी आहेत, म्हणून माझ्या पोरांच्या मध्ये आणखी एक बांधताय?"

प्रधान मान खाली घालून गेला. पण असली माणसं मान खाली घालून गेली तरी काम सोडून जात नाहीत. त्याने थोरल्याला एकटं गाठून सांगितलं, "धाकट्यापासून जपा, तो गोड बोलतो." धाकट्यालाही एकटं गाठून सांगितलं, "थोरल्यापासून जपा, तो काहीच बोलत नाही." पाणी एकाच जागी ठिबकत राहिलं तर दगडालाही खळगा पडतो. ही तर पोरं होती. काही वर्षांनी नदी गोठली तेव्हा एक जण या काठाला घसरत होता आणि दुसरा त्या काठाला.

राणी राजाच्या मागे लागली. "अहो, ही रीत मोडा. थोरल्याला गादी द्या, धाकट्याला फौज द्या, आणि दवंडी पिटून टाका. तुम्ही जिवंत आहात तोवर करा. मेल्यावर तुमचं कोण ऐकणार आहे?"

"करतो."

"कधी?"

"हा हिवाळा जाऊ दे."

हिवाळा गेला. राजा म्हणाला, मेंढ्यांची लोकर निघू दे. लोकर निघाली. राजा म्हणाला, पीक घरात येऊ दे. राणी चिडली. "तुम्ही माणसाला का ऋतूंना घाबरता?"

राजाने त्या वेळी खरं काय ते सांगितलं. "अगं, ती रीत चुकीची आहे असं मी म्हटलं, तर मग मी कोण? मी त्याच रितीने इथे बसलोय. लोक विचारतील, मग तुझा भाऊ मठात काय करतोय?"

"विचारू देत की! खरं ते सांगा."

 ज्या फांदीवर बसलो ती किडकी आहे हे माणसाला कळतं, पण खाली उतरायचं म्हणजे लोक बघणार ना! म्हणून तो बसून राहतो. राजाही बसून राहिला.

मग एका हिवाळ्यात त्या मुलखात ताप आला. घराघरांत आला. पण तो काही मारणारा ताप नव्हता. अंग भाजायचं, घसा कोरडा पडायचा, माणूस बडबडायचा. त्याला भरपूर पाणी पाजायचं, जवाची पेज द्यायची, की चार-आठ दिवसांत उठून बसायचा. धनगरांच्या वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई, जिच्या तोंडात दात नव्हता, तीसुद्धा त्या तापातून उठली आणि सुनेशी भांडायला लागली.

तो ताप राजाला आला.

गावात कुणाला ताप आला तर लोक पाणी आणायला धावायचे. राजाला ताप आला तेव्हा लोक हात धरायला धावले.

थोरला शिकारीवरून आला तो चिखलाच्या बुटांनिशीच बापाच्या खोलीत शिरला आणि त्याने उजवा हात धरला. धाकटा तबेल्यातून पळत आला आणि त्याने डावा धरला. प्रधानाने सगळ्या दासदासींना बाहेर काढलं. राणीलाही म्हणाला, "रीत आहे राणीसाहेब. या खोलीत रक्ताशिवाय तिसरं कुणी नको."

"अहो, मी बायको आहे त्यांची!"

"बायको रक्ताची नसते."

राणी म्हणाली, "बरं. मी पेज आणि ताजं पाणी घेऊन येते. तोवर दार उघडं ठेवा."

ती खाली गेली. आणि तेवढ्यात धाकट्याला वाटलं, थोरल्याची माणसं आत घुसतील. थोरल्याला वाटलं, धाकट्याची घुसतील. दोघं एकदमच म्हणाले, "अडसर घाला!" प्रधानाचा एक पुतण्या दाराशी थांबला होता, तो अडसर घालून मागच्या खिडकीला लावलेल्या शिडीने खाली उतरला आणि जाताना शिडीही घेऊन गेला. राहिले तिघं. पलंगावर बाप, अंगाशी दोन मुलगे. पाण्याची सुरई खिडकीजवळच्या तिवईवर. हात लांब केला तर पोचणार नाही, आणि उठलं तर दोन ढांगांत पोचेल, एवढ्यावर.

सकाळ होती. बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं आणि बर्फावर चमकत होतं.

राजाने डोळे उघडले. दोन्ही मुलं शेजारी बघून त्याला आधी बरं वाटलं. खरंच बरं वाटलं हो. त्याला वाटलं, आली माझी पोरं.

"पाणी द्या रे," तो म्हणाला.

थोरल्याने धाकट्याकडे बघितलं. "ऐकलंस ना? दे."

"तू दे की. तू थोरला."

"थोरला बसलेला असताना धाकट्याने उठायचं असतं."

"हो का? आता बरं थोरलं-धाकटं सुचलं! गादीच्या वेळी म्हणणार, हात धरील तो राजा."

"बाबांना तहान लागलीय आणि तू तोंड चालवतोस?"

"तुला एवढा कळवळा आहे तर ऊठ ना. मी कुठे धरून ठेवलंय तुला?"

"पाणी," राजा म्हणाला.

तेवढ्यात राणी वर आली. एका हातात पेजेचं भांडं, दुसऱ्या हातात पाण्याचं. दार ढकललं तर हलेना. तिने लाथ मारली. "अरे, दार कुणी लावलं?"

"आई, आत्ता येऊ नकोस," आतून थोरला ओरडला.

"त्यांना पाणी पाजलंत का?"

  राणी दाराला कान लावून उभी राहिली, आणि तिला नवऱ्याचा आवाज आला. घशातून खरवडून काढल्यासारखा. पाणी.

"अरे एकाने उठा! सुरई आहे ना तिथे? मी सकाळी भरून ठेवलीय!"

"आई, दादाला सांग."

"थोरल्या, ऊठ रे बाळा."

"धाकट्याला सांग ना. प्रत्येक वेळी मीच काय?"

"मग दोघंही उठा! एकदमच उठा. मी एक म्हणते, दोन म्हणते, तीनला उठा."

राणीने एक म्हटलं, दोन म्हटलं, तीन म्हटलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दोघांच्याही मांड्या हलल्या. पण उठलं कुणी नाही. कारण समोरचा नाही उठला तर?

राणीने भांडी खाली टाकली आणि धावत सुटली. गढीतल्या सैनिकांना म्हणाली, दार फोडा. अर्धे सैनिक थोरल्याच्या बाजूचे, अर्धे धाकट्याच्या. एकही हलेना. प्रधान म्हणाला, "राणीसाहेब, हातधरणीचं दार फोडणं म्हणजे राजद्रोह." राणी तशीच डोंगर उतरून खाली गेली, बर्फातून, घरातल्या पातळ चपलांवर, लाकूडतोड्यांच्या वस्तीकडे.

आत राजाचा घसा आणखी सुकला. त्याने आपले हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. सुरई त्याला दिसत होती. तो स्वतः उठून घेणार होता. पण हात ओढला तशी दोघांना वाटलं, ही शेवटची तडफड. दोघांनी दोन्ही हातांनी आवळून धरलं.

"सोडा रे," राजा म्हणाला.

"नाही बाबा, आम्ही सोडणार नाही तुम्हाला," धाकटा म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते. हेच तर वाईट आहे. ते रडत होते खरं, आणि बसले होते तेही खरं.

"अरे मी मरत नाहीये!" राजा म्हणाला. "मला तहान लागलीय. नुसती तहान."

थोरला हळूच म्हणाला, "असं सगळेच म्हणतात. वैद्य म्हणत होता, शेवटी बरं वाटल्यासारखं होतं."

 राजाने एकदा थोरल्याकडे बघितलं, एकदा धाकट्याकडे. मग वर छताकडे बघत म्हणाला, "चूक माझी आहे." पण कुणाला म्हणाला ते कळलं नाही. मुलांना वाटलं, तापातली बडबड.

राणी चार लाकूडतोडे घेऊन आली तेव्हा ऊन खिडकीतून उतरून जमिनीवर आलं होतं. लाकूडतोड्यांना ना थोरल्याचं काही पडलं होतं ना धाकट्याचं. त्यांनी कुऱ्हाडी घातल्या. दार पडलं.

राजा गेला होता. दोघं अजून हात धरून बसले होते.

राणीने सुरई उचलली. काठोकाठ भरलेली होती. तिने पेल्यात पाणी ओतलं, राजाचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्या ओठांना पेला लावला. पाणी ओठांवरून गालावर आलं, गालावरून उशीवर. तिने पुन्हा लावला. पुन्हा तसंच. लाकूडतोड्यांनी माना फिरवल्या.

प्रधान आत आला. घसा साफ करून म्हणाला, "राणीसाहेब, मोठं दुःख झालं. पण कुणाच्या हातात कुठला हात होता ते आत्ताच बघून ठेवायला लागेल."

"बघा की," राणी म्हणाली. "दोघांच्याही हातात होते. मनगटावर वळ उठलेत, ते बघा. बापाला बेडीसारखं धरलं होतं माझ्या पोरांनी."

आणि मग सुरू झालं. थोरल्याच्या बाजूचे म्हणाले, उजवा हात तो खरा हात. तलवार कुठल्या हातात धरतात? धाकट्याच्या बाजूचे म्हणाले, डावा काय लाकडाचा असतो? ढाल कुठल्या हातात धरतात? बापाला माती देऊन झाली तरी वाद संपला नाही. शेवटी राज्याचे दोन तुकडे केले. नदीच्या अलीकडे थोरला, पलीकडे धाकटा. मुकुट एकाकडे गेला, गादी दुसऱ्याकडे. एक जण मुकुट घालून साध्या बाकावर बसायचा, दुसरा बोडक्या डोक्याने गादीवर बसायचा. लोक तोंडावर काही बोलायचे नाहीत, पण मेंढ्या चारताना पोट धरून हसायचे. आणि हसून झालं की गप्प व्हायचे. कारण त्यातला एक त्यांचा राजा होता.

राणी माहेरी निघाली. पूल ओलांडूनच जावं लागे. या टोकाला थोरला उभा, त्या टोकाला धाकटा.

"आई, माझ्याकडे राहा," थोरला म्हणाला.

"आई, माझ्याकडे ये," धाकटा म्हणाला.

राणी पुलाच्या मध्ये उभी राहिली. म्हणाली, "मी दाराबाहेर ओरडत होते तेव्हा एक म्हणाला दादाला सांग, दुसरा म्हणाला धाकट्याला सांग. आता मी कुणालाच काही सांगत नाही. मला दोन मुलगे होते असं लोक म्हणतात. असतील."

ती गेली ती मागे न बघता गेली.

खिंडीपलीकडचा राजा, म्हणजे तिचा भाऊ, इतकी वर्षं या राज्याच्या वाटेला गेला नव्हता. का, तर बहिणीचं घर. आता बहीणच परत आली. तो म्हणाला, "तिथे आता आपलं कोण आहे?" बर्फ वितळला, खिंड मोकळी झाली, आणि त्याची फौज खाली उतरली. आधी धाकट्याच्या काठावर.

धाकट्याने थोरल्याकडे दूत पाठवला. "दादा, फौज घेऊन ये. दोघं मिळून थोपवू."

थोरल्याचा निरोप आला, "आधी गादी पाठव."

धाकट्याने पुन्हा निरोप पाठवला, "आधी फौज आण, मग गादी घेऊन जा."

"आधी गादी."

"आधी फौज."

पूल मधेच होता. दोन ढांगांचा नसेल, पण फार लांबही नव्हता. एकही जण पूल चढला नाही. धाकट्याचा काठ गेला. मग फौज तोच पूल ओलांडून थोरल्याच्या काठावर आली, आणि आता थोरल्याला निरोप पाठवायलाही कुणी नव्हतं. मामाने भाच्यांना मारलं नाही. बहिणीकडे बघून सोडून दिलं. मुकुट वितळवून त्याने घोड्याच्या खोगिराला सोन्याची फुलं लावली आणि गादी थंडीत जाळायला घेतली. राज्य तेवढंच होतं, संपलं.

वर्षं गेली. थोरला एका परक्या गावात दुसऱ्याच्या मेंढ्या राखू लागला. धाकटा पोटासाठी कुणाच्याही लढाईत लढला, आणि एका लढाईत त्याचा पाय गेला. कुबडी घेऊन चालू लागला.

मग माहेरी राणी आजारी पडली. म्हातारी झाली होती. भाच्या, भाचेसुना, स्वयंपाकघरातल्या पोरी, जिला वेळ होईल ती येऊन तिला पाणी पाजायची. भावाने विचारलं, "पोरांना बोलावू का?"

राणी म्हणाली, "कळव. पण माती झाल्यावर कळव."

"अगं, शेवटचं एकदा बघशील."

"नको. मला तहान लागते दादा. आणि मला त्यांचा भरवसा नाही."

कुठल्याही आईने असं म्हणू नये. पण कुठल्याही पोरांनी आईला असं म्हणायची वेळही आणू नये. नाही का?

दोघं आले ते माती झाल्यावर. वेगवेगळ्या वाटांनी आले आणि थडग्यापाशी समोरासमोर उभे राहिले. आधी तर एकमेकांना ओळखलंच नाही. दोघांच्याही दाढ्या पांढऱ्या.

"दादा?"

"हं. पायाला काय झालं?"

"गेला. तुझं बरं आहे?"

"मेंढ्या आहेत. माझ्या नाहीत, पण आहेत."

धाकटा कुबडी बाजूला ठेवून थडग्याशी खाली बसला. थोरला उभाच राहिला. मग थोरला म्हणाला, "एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी मी पाणी द्यायला उठलो असतो, तर तू काय केलं असतंस? खरं सांग. आता खोटं बोलून काय मिळणार आहे?"

धाकट्याने मातीवर हात फिरवला. "खरं सांगू? तू उठला असतास ना दादा, तर मला लाज वाटली असती. मीही हात सोडला असता. म्हणालो असतो, तूच हो राजा."

थोरल्याचा चेहरा कसानुसा झाला. "मीही तेच ठरवून बसलो होतो. म्हटलं, हा उठला की आपणही सोडायचं, आणि याला मिठी मारायची."

"मग उठला का नाहीस?"

"तू का नाही उठलास?"

वाऱ्याने बर्फाची भुकटी उडाली. 

"बाबा म्हणत होते, मरत नाहीये," धाकटा म्हणाला.

"हो. मी ऐकलं होतं."

"मीही."

संध्याकाळ व्हायला आली. धाकट्याला उठायचं होतं, पण एका पायावर जमेना. थोरल्याने वाकून हात पुढे केला. धाकट्याचा हातही वर आला, अर्ध्यापर्यंत आला, आणि तिथून आपोआप मागे जाऊन बाहीत शिरला. त्याने काही ठरवून केलं नाही. प्रधानाने कान भरल्यापासून मुरलेलं होतं ते.

"सवय," धाकटा म्हणाला. शरमला.

"असू दे," थोरला म्हणाला, आणि त्यानेही हात मागे घेतला.

धाकटा कुबडीला धरून, धडपडत, स्वतःच उठला. मग दोघं आपापल्या वाटेने गेले. पुन्हा कधी भेटले नाहीत. कोण आधी मेला आणि कुणाच्या शेजारी कोण होतं, हे कुणालाच माहीत नाही.

तर पोरांनो, आणि मागे बसलेल्या मोठ्यांनो, लक्षात ठेवा: जो तहानलेल्याला पाणी द्यायला उठत नाही, त्याला गादीवर बसायचा हक्क नाही.